जर्मनीत नव्याने आलात? बाजारहाट कसा करायचा आणि बिल का जपायचं

जर्मनीला येण्याचं तिकीट काढताना शक्यतो शनिवारी संध्याकाळी उतरणारं विमान टाळा. रविवारी इथली दुकानं बंद असतात. बंद म्हणजे शटर अर्धं खाली आणि आत मालक हिशोब करत बसलाय, हाक मारली तर दुधाची पिशवी देईल, असं नव्हे. खरोखर बंद. नव्या खोलीत मीठसुद्धा नसताना सोमवारची वाट बघायची वेळ येते.

पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून शिकायला किंवा नोकरीला इथे येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे बाजार चालतो तो बराचसा ओळखीवर. वाणी उधारी ठेवतो, कापडवाला ओळखीमुळे साडी बदलून देतो, भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते. इथे ओळखीचा उपयोग जवळजवळ शून्य, कागदाचा मात्र भरपूर. कायद्याने गिऱ्हाइकाला बरंच काही दिलंय. ते मुदतीत मागावं लागतं, आणि मागितलं की बहुधा मिळतंही. न मागणाऱ्याला कुणी आठवण करून देत नाही.

आधी वार बघा, मग यादी करा

दुकानं कधी बंद करायची याचा कायदा जर्मनीत १९५६ साली झाला. कित्येक दशकं आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला दुकानं मिटायची. १९९६ मध्ये आठवड्याच्या दिवशी रात्री आठपर्यंत परवानगी मिळाली, २००३ मध्ये शनिवारीही. २००६ नंतर हा विषय राज्यांकडे गेला, म्हणून शहर बदललं की वेळ बदलते. बर्लिनमध्ये सोमवार ते शनिवार वेळेचं बंधन नाही. म्युनिकमध्ये, म्हणजे बव्हेरियात, आठ वाजले की संपलं. ऑफिसातून पावणेआठला निघून 'जाता जाता घेऊ' हा बेत तिथे चालत नाही.

रविवारची सुट्टी तर राज्यघटनेतच आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं घेतलेलं आहे आणि त्यात रविवार हा विश्रांतीचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखलेला आहे. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्चवाले न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये घटना न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पुढची गंमत हेसेन राज्यातली. तिथे एका साखळीने माणसाविना चालणारी छोटी दुकानं काढली: आत विक्रेता नाही, कार्ड लावून दार उघडायचं, आपलं आपण बिल करायचं. २०२३ च्या अखेरीस तिथल्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की यांनीही रविवारी बंद राहायचं. ज्या दुकानात कामगारच नाही त्यालाही साप्ताहिक सुट्टी! पुढच्या वर्षी राज्याने कायदाच बदलून अशा छोट्या दुकानांना वाट करून दिली, ती गोष्ट वेगळी.

रविवारी अडलंच तर रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि पेट्रोल पंप. मोठ्या स्टेशनांवर सुपरमार्केटही उघडं सापडतं, पण गर्दी फार, आणि पंपावर दूध महाग. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. वर्षातून मोजके रविवार गावोगाव दुकानांना परवानगी असते, त्याच्या पाट्या आधीपासून लागतात.

सणांचा हिशोब वेगळा ठेवा. सुट्ट्या राज्यागणिक कमीजास्त आहेत, बव्हेरियात जास्त, बर्लिनमध्ये कमी. ईस्टरला शुक्रवारी बंद, शनिवारी उघडं, रविवार-सोमवार पुन्हा बंद. २४ डिसेंबरला दुपारनंतर सगळं मिटत जातं आणि २५, २६ ला काहीही मिळत नाही. त्यामुळे ईस्टरच्या शनिवारी दुकानात आपल्या धनत्रयोदशीला असते तशी गर्दी. शहाण्याने गुरुवारीच आटपावं.

कुठल्या दुकानात काय

रोजच्या किराण्याला आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो ही स्वस्त साखळी दुकानं. माल खोक्यातच मांडलेला, एकेका वस्तूचे एकदोनच प्रकार, भाव कमी. रेवे आणि एडेका इथे निवड जास्त, भाव थोडा चढा. साबण, शाम्पू, डायपर, डाळी, बदाम, ओट्स यांसाठी डीएम आणि रोसमान. आपण ज्याला मेडिकल म्हणतो ते मात्र हे नव्हे. ताप-डोकेदुखीची साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त आपोटेकेमध्ये, म्हणजे फार्मसीत मिळते. आणि ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांपेक्षा मोठं पाकीट हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुठेच नाही. रात्री-रविवारी आपोटेके पाळीपाळीने उघडी असतात. आज कुणाची पाळी, हे प्रत्येक आपोटेकेच्या दारावर लिहिलेलं असतं.

भेंडी, वांगी, हिरव्या कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या, पुदिना, मसूर, हरभरे यांसाठी तुर्की दुकान शोधा. भारतीय दुकानापेक्षा बहुतेक वेळा ताजं आणि स्वस्त. भारतीय दुकानात जायचं ते कणीक, पोहे, शाबुदाणा, हिंग, काळा मसाला अशा गोष्टींसाठी. इथल्या सुपरमार्केटात 'पेर्लझागो' नावाने शाबुदाण्यासारखे दाणे दिसतात, पण ते बटाट्याच्या स्टार्चचे असू शकतात. उपासाच्या खिचडीच्या भरवशावर घेऊ नका.

काही गोष्टी मात्र इथल्याच उत्तम. हार्टवाइत्सनग्रीस म्हणजे रवा, उपम्याला छान. ४०५ नंबरचं पीठ म्हणजे जवळपास मैदा. पोळीसाठी त्यात गव्हाचं फोलकोर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं, पीठ मिसळून काम भागतं. बुटरश्माल्त्स म्हणजे कढवलेलं लोणी, फोडणीला तूप म्हणून चालतं. आणि क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज. चाळीस टक्के फॅटचा क्वार्क आणून त्यात पिठीसाखर, वेलदोडा, दुधात खललेलं केशर घाला. दही रात्रभर टांगायचं काम वाचतं. इथल्या मराठी मंडळींच्या पाडव्याचं श्रीखंड बहुतेक असंच होतं, आणि खरं सांगायचं तर बाजारच्या डब्यातल्या श्रीखंडापेक्षा ते चांगलं लागतं.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट लगेच शिका. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे, इथे तशी सक्ती नाही. काही पाकिटांवर पिवळ्या-हिरव्या रंगाचं व्ही चिन्ह असतं, पण ते ऐच्छिक. त्यामुळे घटकांची यादी वाचायची. गेलाटीने म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटीन. ते गोळ्या-चॉकलेटांत, काही दह्यांत आणि मूसमध्ये असतं. श्माल्त्स म्हणजे चरबी, श्पेक म्हणजे डुकराचं मांस. ब्रेडमध्ये आणि डब्यातल्या सुपातही सापडतात. चीजमधलं 'लाब' हे वासराच्या जठरातलं असू शकतं. 'मिक्रोबिएल' असं लिहिलं असेल तर ते प्राण्याचं नाही. अंड्यावर छापलेल्या क्रमांकाचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळी हिंडणारी, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली.

तारखेचंही तसंच. 'मिंडेस्टहाल्टबार बिस' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव-गुण नक्की टिकतील. दुसऱ्या दिवशी दही फेकायची गरज नाही. 'त्सू फरब्राउखन बिस' ही कच्च्या मांसावरची वगैरे तारीख मात्र पाळायचीच. पहिल्या प्रकारची तारीख जवळ आली की दुकानं मालावर तीस टक्के सवलतीचं स्टिकर लावतात. बेधडक घ्या.

भावाची पाटी

एमआरपी नावाची गोष्ट इथे नाही, आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तीच पाण्याची बाटली स्वस्त दुकानात, स्टेशनवर आणि पंपावर वेगवेगळ्या भावाला, आणि तिन्ही कायदेशीर. भारतात छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. इथे उलट, उत्पादकानेच दुकानदारावर विक्रीचा भाव लादणं कायद्याला मंजूर नाही. पाकिटावर किंवा जाहिरातीत दिसणारा 'यूफाऊपे' हा फक्त सुचवलेला भाव. सूट किती मोठी हे दाखवायला तो फार वापरतात, तेव्हा त्यावर जाऊ नका. अपवाद दोन लक्षात ठेवण्यासारखे: पुस्तकं आणि सिगारेटी. नवं जर्मन पुस्तक गल्लीतल्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, किंमत तीच, कायद्याने बांधलेली. म्हणून इथे छोटी पुस्तकांची दुकानं अजून जिवंत आहेत.

पाटीवरच्या किमतीत कर धरलेला असतो. बहुतेक वस्तूंवर १९ टक्के, बऱ्याचशा खाद्यपदार्थांवर आणि पुस्तकांवर ७ टक्के. अमेरिकेत गल्ल्यावर कर वाढून आकडा फुगतो, तसं इथे होत नाही.

पाटीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो, ग्रुंडप्राइस. खरी तुलना त्याची करायची. एकाचं पाकीट ४०० ग्रॅमचं, दुसऱ्याचं ५०० चं, हा घोळ त्याने सुटतो. मे २०२२ पासून पाकीटबंद मालाला तो एक किलो किंवा एक लिटरवरच द्यावा लागतो. आधी काही ठिकाणी १०० ग्रॅमवर देत, त्यामुळे डोळे फसायचे. त्याच वेळी आणखी एक नियम आला: भाव उतरवल्याची जाहिरात करायची तर मागच्या ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवायचा. सेलच्या आधी भाव चढवून मग 'सूट' द्यायची युक्ती आपल्याला काही नवी नाही, तिलाच हा लगाम आहे. आल्डी झ्यूडच्या (आल्डीची दक्षिणेकडची कंपनी) पत्रकातल्या केळी आणि अननसावरून हा वाद थेट युरोपीय न्यायालयात गेला. टक्केवारीही त्या सर्वांत कमी भावावरूनच काढायची, असा निकाल २०२४ मध्ये लागला.

घासाघीस? दुकानात नाही. पण एक माहिती अशी की २००१ पर्यंत जर्मनीत रोखीच्या गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांहून जास्त सूट देणंच बेकायदा होतं. १९३३ चा कायदा होता तो. मालासोबत फुकट वस्तू देण्यावरही बंधनं होती. 'काहीतरी कमी करा ना' या वाक्याला इथल्या जुन्या दुकानदाराचा चेहरा कोरा का होतो, हे त्यावरून कळेल. आता बंधन नाही. स्वयंपाकघराचं फर्निचर, मोठी यंत्रं, गादी अशा खरेदीत सूट मागायला लाजू नका. आणि फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, भाव केला नाही तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं.

गल्ल्यावर

ट्रॉलीला ५० सेंट, एक किंवा दोन युरोचं नाणं लागतं. परत लावली की नाणं सुटतं. पिशव्या घरून न्यायच्या. पट्ट्यावर माल ठेवला की मागच्या माणसाच्या मालाआधी तिथली दांडी आडवी ठेवायची. न ठेवणाऱ्याकडे रांग बघते. बाटल्या आडव्या. कॅशियर ज्या वेगाने माल सरकवतो त्या वेगाने पिशवी भरायचा प्रयत्न करू नका. सगळं परत ट्रॉलीत टाका, पैसे द्या, आणि खिडकीपाशी जे फळकूट असतं तिथे निवांत भरा. पिशव्या भरून देणारा माणूस इथे नसतो. वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत आलं ते दारात स्वागत करणारी आणि पिशव्या भरणारी माणसं घेऊन; लोकांना ते आवडण्यापेक्षा अवघडच वाटलं. शिवाय २००० साली खरेदीच्या भावापेक्षा कमी भावात दूध-लोणी विकण्याबद्दल स्पर्धा नियामकाने वॉलमार्टला रोखलं, आल्डी आणि लिडललाही. २००६ मध्ये वॉलमार्ट ८५ दुकानं विकून परतलं.

यूपीआयवर विसंबून येऊ नका. सुपरमार्केटात कार्ड चालतं, पण बेकरी, आठवडी बाजार, लहान हॉटेल इथे 'नूर बार' अशी पाटी दिसेल, म्हणजे फक्त रोख. काही ठिकाणी फक्त इथल्या बँकेचं गिरोकार्ड घेतात, परदेशी क्रेडिट कार्ड नाही. पन्नासेक युरो खिशात असू द्या. बऱ्याच सुपरमार्केटांत काही खरेदी केली की गल्ल्यावरच खात्यातून पैसेही काढता येतात.

बाटलीचे पैसे

पाण्याच्या सहा बाटल्यांचा भाव पाटीवर एक आणि बिलात दीड युरो जास्त, हे पाहून नवीन माणूस चक्रावतो. ते प्फांड, अनामत रक्कम. एकदा वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट. पुन्हा भरायच्या बाटल्यांपैकी बिअरच्या साध्या बाटलीला बहुधा ८ सेंट, पाण्याच्या आणि इतर बऱ्याच बाटल्यांना १५. एकवापराच्या बाटल्या-कॅनची ही पद्धत २००३ मध्ये सुरू झाली, २०२२ पासून जवळपास सगळ्या प्लॅस्टिक पेय-बाटल्यांना लागू झाली, २०२४ पासून दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्यांनाही.

बाटली चेपायची नाही, लेबल काढायचं नाही, कारण दुकानातलं यंत्र बारकोड आणि शिक्का वाचतं. भोकात बाटली आडवी सरकवली की यंत्र ती गोल फिरवून बघतं. पसंत पडली तर गिळतं, नाहीतर परत बाहेर ढकलतं. शेवटी हिरवं बटण, चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी त्याच दुकानाच्या गल्ल्यावर. दुसऱ्या साखळीत घेतलेली एकवापराची बाटलीही मोठी दुकानं घेतात. वाइनच्या बाटल्यांना आणि लोणच्याच्या बरण्यांना बहुधा अनामत नसते. त्या रंगानुसार पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या कुंडीत. रविवारी आणि रात्री त्यात काच टाकू नका, आवाजावरून शेजारी खरंच येतात.

रस्त्यात बाटली नकोशी झाली तर कचऱ्यात न टाकता डब्याच्या बाजूला उभी ठेवा. बाटल्या गोळा करून पोट भरणारे लोक आहेत, त्यांचा डब्यात घालायचा हात वाचतो.

परत करणं, बदलणं, बिघडणं

इथे तीन गोष्टींचा लोक गोंधळ करतात, आणि दुकानदारही तो फारसा सोडवत नाहीत.

पहिली: दुकानात जाऊन घेतलेला चांगला माल. रंग आवडला नाही, माप चुकलं, तर परत घेण्याची कायद्याने सक्ती नाही. बहुतेक साखळ्या आपणहून काही आठवड्यांची मुदत देतात, पण ती त्यांची मर्जी. आपल्याकडे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावतात, तिच्यातलं निम्मं सत्य इथेही खरं आहे. घेण्याआधी विचारा.

दुसरी: ऑनलाइन घेतलेला माल. हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी मोडता येते. मात्र नुसतं खोकं परत पाठवून भागत नाही. मेलवर किंवा अर्जावर 'मी विडररूफ करतो', म्हणजे खरेदी मोडतो, असं स्पष्ट कळवायचं. त्यानंतर माल पाठवायला आणखी १४ दिवस. पैसे, साध्या डिलिव्हरीच्या खर्चासकट, परत मिळतात. परत पाठवण्याचा खर्च काही ठिकाणी आपल्याला पडतो. मापाने शिवलेले कपडे, नासणारा माल, सील तोडलेल्या आरोग्याच्या वस्तू आणि ठरावीक तारखेची तिकिटं यांना हा हक्क नाही. हक्काची माहितीच विक्रेत्याने दिली नसेल तर मुदत १२ महिन्यांनी वाढते.

तिसरी, आणि सर्वांत उपयोगाची: बिघडलेला माल. गेवेअरलाइस्टुंग ही विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी आहे, दोन वर्षांची. गारांटी ही उत्पादकाने मर्जीने दिलेली, तिच्या अटी त्याच्या. दुकानात बंद पडलेला मिक्सर नेला की पहिलं उत्तर येतं, 'कंपनीकडे पाठवा.' ते ऐकून निघू नका. सांगायचं, मी तुमच्याकडून घेतलाय, मी गेवेअरलाइस्टुंग मागतोय. आधी दुरुस्ती किंवा बदली. दोन्हींपैकी काय हवं ते साधारणपणे गिऱ्हाईक ठरवतं. ते जमलं नाही तर किंमत कमी करून घेता येते, दोष किरकोळ नसेल तर पैसे परतही. पहिल्या १२ महिन्यांत दोष मुळातच होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. २०२२ च्या आधी ही सवलत सहाच महिने होती. वर्ष उलटलं की सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर, म्हणून कुरकुर करणाऱ्या वस्तूला वर्ष पुरं होऊ देऊ नका.

इथेच बिलाचं काम. २०२० पासून संगणकी गल्ला असलेल्या दुकानाला, अगदी एका पावासाठीही, पावती काढावी लागते. ती थर्मल, म्हणजे उष्णतेने छापायच्या, कागदावरची असते आणि काही महिन्यांत पुसट होते, तेव्हा महाग वस्तूच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. पावती हरवली तरी सगळं संपत नाही, बँकेचं खातेपत्रकही पुरावा धरतात. तक्रार लेखी, तारीख घालून, 'अमुक दिवसापर्यंत' असं सांगून. दाद लागली नाही तर प्रत्येक राज्यात फरब्राउखरत्सेंट्राले ही ग्राहक सल्ला संस्था आहे.

जुनं सामान क्लाइनआन्त्सायगनसारख्या छोट्या जाहिरातींच्या वेबसाइटवर घेणार असाल तर हे सगळं विसरा. खासगी विक्रेता जबाबदारी झटकू शकतो आणि झटकतोच. सायकल चालवून बघा, फ्रिज लावून बघा, मगच पैसे द्या.

घरून येणारं आणि घरी जाणारं

आईने दिलेले पेढे, बर्फी, तूप: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून किंवा टपालाने आणायला मनाई आहे. ताज्या फळांना, म्हणजे हापूसच्या पेटीलाही, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ आणि केळ्यांना यातून सूट आहे. चिवड्याच्या डब्याचं पार्सल खासगी भेट म्हणून ४५ युरो किमतीपर्यंत कराविना येतं, पण आत काय आहे ते खरं लिहा.

आई-बाबा फिरायला आले आणि त्यांनी खरेदी केली, तर १९ टक्के करातला काही भाग त्यांना परत मिळू शकतो. तुम्हाला नाही, कारण तुमचं राहणं इथलं. खरेदी ५० युरोपेक्षा जास्त हवी, दुकान कर परत देण्याच्या योजनेत हवं, आणि बिल करतानाच त्यांचा पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्यायला हवा. माल न वापरता, खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांत युरोपीय संघाबाहेर न्यायचा. विमानतळावर बॅगा देण्याआधी कस्टमकडे माल, बिल आणि फॉर्म दाखवून शिक्का घ्यायचा. बॅग एकदा आत गेली की शिक्का मिळत नाही. फ्रांकफुर्टला सुट्टीच्या दिवसांत या रांगेला वेळ लागतो, तेव्हा त्या वस्तू बॅगेत वरच ठेवा आणि विमानतळावर तासभर लवकर पोचा.